न विचारता आलेलं बटण

मिरची कांडपाच्या धंद्यावर लिहा, असा निरोप या अंकाकडून आला. मिरचीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ती झोंबते. धंदा करणाऱ्याला काही वर्षांनी झोंबायची थांबते, एवढंच. म्हणून मी कांडपाशेजारच्या खोलीत ठेवलेल्या कॉम्प्युटरबद्दल लिहिते. त्यानं मला मिरचीपेक्षा जास्त ताप दिला.

तरी आधी कांडप काय असतं ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं कांडप इंदापूर तालुक्यात, कळसला, स्टँडच्या मागच्या बाजूला आहे. खाली लोखंडी उखळं, वर मोटारीवर वरखाली होणारी मुसळं. शिमग्यापासून अखितीपर्यंत हंगाम. बाया मिरच्या वाळवून, देठं खुडून, धने-खोबरं भाजून घरून आणतात. मी कुटते, चाळते, राहिलेला चोथा परत कुटते. याला वेळ लागतो. तेवढा वेळ ती बाई तिथंच बसते. कुणी मिरची टाकून बाजाराला निघून जात नाही. माणूस चांगला असो की वाईट, आपली मिरची आपल्या डोळ्यांसमोर कुटून घ्यायची, ही आमच्याकडची रीत. एकीचं झालं की उखळ झाडायचं. मग दुसरीच्या मिरचीतली पहिली मूठ कुटून बाजूला काढायची, म्हणजे आधीचीचं काही राहिलं असेल ते तिच्याबरोबर निघून जातं. सुकट घालून मसाला करणारीचा नंबर दिवसाच्या शेवटी. माळकरी बाई असली तर ती स्वतः वाकून उखळ हुंगते. मी हुंगू देते. त्यात माझा अपमान होत नाही.

एकदा एका मसाला कंपनीचा माणूस आला होता. प्रत्येक घाण्यात आमची एकेक पुडी टाका, रंग लालभडक येतो, बायकांना सांगायची गरज नाही, उलट खूश होतील, असं त्याचं म्हणणं. बदल्यात दुकानावर मोठा पत्र्याचा बोर्ड देतो म्हणाला, आणि बोर्ड आधीच टेम्पोत घालून आणला होता. मी बोर्ड उतरवून घेतला आणि पुड्या परत दिल्या. तो बोर्ड न्यायला परत आला, तोवर मी तो उलटा करून त्यावर माझ्या कांडपाचं नाव लिहून घेतलं होतं. पुडी वाईट होती की चांगली, मला माहीत नाही. मी ती चाखलीसुद्धा नाही. ज्या बाईच्या मसाल्यात पडणार तिला सांगायचं नाही, एवढं ऐकून मला पुरलं.

आता कॉम्प्युटर. माझा भाचा नितीन बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवतो. शेजारची खोली रिकामी होती. बसलेल्या बाया एकमेकींच्या सुनांबद्दल बोलून बोलून दमत होत्या. नितीन म्हणाला, "आत्या, क्लासमधला जुना कॉम्प्युटर आणून बसवतो. पोरींचे निकाल बघ, उतारे काढ, फॉर्म भर. तुला जमेल." जमलं. चौथीपर्यंतचं वाचन त्याला पुरतं. इंग्रजी अक्षरं मी एसटीच्या पाट्या आणि औषधाच्या बाटल्यांवरून शिकले होते.

त्यानं त्यात जे घातलं होतं ते फुकट होतं. फुकट म्हटल्यावर मी त्याला विचारलं, कुणाच्या पोटावर पाय देऊन फुकट? तो म्हणाला की, इंटरनेट बघायची जी खिडकी असते, तिला ब्राउजर म्हणतात. बाकीचे ब्राउजर कंपन्यांचे. ते आत काय करतात ते कंपनीलाच माहीत. हा मात्र लोकांनी मिळून केलेला. त्यात काय काय घातलंय ते जगासमोर मांडून ठेवलेलं असतं. ज्याला समजतं त्यानं बघावं, चूक सापडली तर सांगावी, हवं तर स्वतःचा वेगळा करून घ्यावा. मला हे लगेच पटलं. आपल्यासमोर कुटून देतात, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट त्यानं केली. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसून जाईल, असं लावून दिलं. कुणी काय बघितलं ते मागच्याला दिसायचं नाही. हे मी येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची. उखळ झाडलेलं असतं, तसंच हे. बायांना पटायचं. मग त्या काय काय बघायच्या. कुणी अंगावरच्या पांढऱ्या डागाचं, कुणी पाळी बंद होण्याचं, कुणी माहेरच्या जमिनीत आपलं नाव लागलंय का ते. मी मोटारीपाशी असायची. कोण काय बघतंय ते मला दिसायचं नाही, आणि ते बरं होतं.

पुढं एक दिवस ते ब्राउजर आपोआप नवं झालं. तसं ते अधूनमधून व्हायचं. या खेपेला वर कोपऱ्यात एक नवं बटण आलं. बघत असलेलं पान नंतर वाचायला ठेवून द्यायचं असेल तर ते दाबायचं. आणि नवी खिडकी उघडली की खाली इंग्रजी लेखांची चित्रं येऊ लागली. पोट कमी करा, कुत्रा पाळा, असलं काहीतरी.

ते आधी दिसलं बबन तात्यांना. तात्या म्हणजे गावातला सगळ्यात संशयी माणूस. मिरच्या आणताना आणि नेतानाही वजन करणारे. धरणातनं पाणी कधी सुटणार ते बघायला ते यायचे. म्हणाले, "आक्के, तुझ्या मशिनीत कुणीतरी दुकान टाकलंय."

"कुणी टाकंल? नवं झालंय ते."

"नवं झालं व्हय? मग माझ्या पाण्याच्या खाली ह्यो कुत्रा कशापायी बसवलाय?"

मी नितीनला फोन केला. तो म्हणाला, चांगली सोय आहे, काही काळजी करू नको. रविवारी आला आणि त्या सोयीचं एक खातं दुकानाच्या नावानं उघडून गेला. फॉर्म कसे भरायचे त्याची पानं त्यात ठेवली की रोज शोधायला नको. पासवर्ड मी विसरेन म्हणून कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. कॉम्प्युटर शिकवणारा माणूस भिंतीवर पासवर्ड चिकटवतो, हे मला नंतर कळलं की हसण्यासारखं आहे. तेव्हा नाही कळलं.

आता वैशालीचं सांगते. वैशाली ही कळसचीच सून, माहेर बारामती तालुक्यातलं कऱ्हाटी. बारावी सायन्स झालेली. सासरी गाईंचा मोठा गोठा. नवरा संभाजी दुधाचा टेम्पो चालवायचा. सासू हौसाबाई, माझ्या बरोबरीची, गोठा आणि घर तिच्या मुठीत. वैशाली मसाल्याला आली की मोटारीपाशी फार बसायची नाही, सरळ कॉम्प्युटरपाशी जायची. ती काय बघते ते मी कधी विचारलं नाही. ती नर्सिंगच्या शिक्षणाचं बघत होती. प्रवेश कसा मिळतो, लग्न झालेलीला घेतात का, वसतिगृह कुठं, कुठली कागदपत्रं, मुदत कधी. वेळ थोडा असायचा, मध्येच लाइट जायची. म्हणून ती एकेक पान त्या बटणानं ठेवून द्यायची. खिडकी बंद केली की पुसतं, हे तिनं माझ्या तोंडून ऐकलेलं. पण ठेवलेली पानं पुसत नव्हती, कारण ती माझ्या कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच. ती परदेशातल्या कुठल्यातरी कंपनीकडं, दुकानाच्या खात्यात, एकाखाली एक जमत होती. ते बटण कुणीही उघडलं की दिसणार.

उघडलं तिच्या दिरानं, बाळूनं. तो ट्रॅक्टरचं काहीतरी बघायला आला होता. यादीत नर्सिंगची पानं दिसली, त्यात 'विवाहित उमेदवारांसाठी' असं एक. नाव कुणाचंच नव्हतं. पण कळसमध्ये बारावी सायन्स झालेली सून त्याच्याच घरात होती. एवढा हिशोब बाळूलाही जमतो.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई आली. मिरचीचं गाठोडं डोक्यावर होतं, ते खाली ठेवलं नाही.

"आक्का, मी तुमच्याकडं मिरची कुटाया पाठवली व्हती. तुमी माझं घर कुटलं."

"मी काय केलं, हौसाबाई?"

"तुमची मशीन तिला काय काय दावती, ते बाळूनं बघितलंय. गोठ्यात एवढी जनावरं हायत, त्यास्नी कोण बघणार, तुमची मशीन?"

"पोरगी शिकायचं बघत व्हती. पळून जायाचं न्हाय."

"तुमाला सून न्हाय, तुमाला काय कळायचं," असं म्हणून ती गाठोडं घेऊन तशीच पुढं गेली, शेजारच्या गावच्या कांडपाला. वैशालीला त्यांनी डोकं थंड कर म्हणून कऱ्हाटीला माहेरी धाडून दिलं. परत कधी आणायचं ते बघू म्हणाले.

त्या आठवड्यात माझी शेजारची खोली ओस पडली. बाया यायच्या, कुटून घ्यायच्या, खोलीकडं बघायच्यासुद्धा नाहीत. एकीनं हळूच विचारलं, "आक्का, मी ते डागाचं बघितलं व्हतं, ते बी ऱ्हायलंय काय आत?" मी म्हटलं, बटण दाबलं नसशील तर नाही. तिला आठवत नव्हतं दाबलं की नाही.

मी भिंतीवरचा कागद फाडला आणि नितीनला बोलावलं. म्हटलं, हे बटण काढ.

"काढता येत नाही, आत्या. लपवता येतं."

"म्हणजे आत ऱ्हाणारच?"

"आत राहणार, पण दिसणार नाही."

"सुकट पडल्यालं उखळ झाकून ठेवलं म्हणून ते माळकरणीला चालंल व्हय?"

मग मी विचारलं, तू तर म्हणाला होतास, यात सगळं जगासमोर मांडलेलं असतं. मग ही कंपनी आत काय करते ते बघून सांग. तो म्हणाला की, ते दिसत नाही. बटण ब्राउजरचं, पण त्यामागची सोय दुसऱ्या कंपनीची, तिचं आतलं बंद. दोघांनी आपसात ठरवून ते जोडलं. म्हणजे उघड्या परातीत बंद डबा ठेवला आणि परात उघडी आहे असं सांगत राहिले.

नितीननं मग मला दाखवलं की, जगभरची माणसं यावरून त्या ब्राउजरवाल्यांशी भांडत होती. त्यांची तक्रार लिहायची जागा उघडी होती, कुणीही लिहावं, कुणीही वाचावं. हे मात्र त्यांनी चांगलं ठेवलं होतं. मी म्हटलं, माझंही लिही. मी सांगितलं ते त्यानं इंग्रजीत घातलं. मी सांगितलं ते असं: मी मिरची कुटते. ज्याची मिरची त्याच्यासमोर कुटते. तुम्हीही तसंच करता, असं ऐकून तुमचं घेतलं. आता तुम्ही त्यात दुसऱ्याची पुडी टाकली. पुडी चांगलीही असेल. ज्याला हवी त्यानं मागून घ्यावी, अशी बाजूला ठेवायला हवी होती. तुम्ही ती सगळ्यांच्या घाण्यात टाकली आणि नको असेल तर वेचून काढा म्हणता.

उत्तर आलं. नम्र होतं. बटण दाबल्याशिवाय काहीच कुठं जात नाही, कंपनीची कलमं आम्ही तपासली आहेत, पुष्कळ लोकांना सोय आवडली आहे, नको असेल तर लपवता येते. ते खोटं बोलत नव्हते. वैशालीनं बटण स्वतः दाबलं होतं, खातं नितीननं उघडलं होतं. पण या दोघांच्या समोर ते बटण कुणी आणून ठेवलं, याचं उत्तर त्यात नव्हतं. बाकी लोकांनी माझ्या लिहिण्याखाली पुष्कळ लिहिलं. त्यातल्या निम्म्यांना मिरची कशी कुटतात तेच जाणून घ्यायचं होतं. एकानं विचारलं, डोळे झोंबत नाहीत का.

मी गावात सांगून टाकलं की, येत्या बाजारादिवशी ते खातं सगळ्यांसमोर पुसून टाकणार. तात्यांनी पुढची जागा आधीच सांगून ठेवली. बाजाराच्या आदल्या दिवशी फोन आला.

"आक्का, वैशाली बोलतीय. कऱ्हाटीवरनं. तुमी ते बंद करणार हाय म्हणं."

"व्हय. उद्या."

"नका करू. माझं समदं त्यातच हाय. तुमचा पासवर्ड मला पाठ हाय. भावाच्या फोनवर उघडती, वाचती आन् बंद करती. अजून फॉर्म भरायचा ऱ्हायलाय."

"नितीनला सांगते, ती पानं तुझ्या भावाच्या फोनवर धाडून दील."

"भावाला सांगितलं न्हाय मी. त्याच्या फोनवर आलं की समद्या घरानं वाचलं."

"अगं, मग त्या परदेशातल्या कंपनीकडं ठिवलंय ते चालतंय तुला?"

ती म्हणाली, "ती कंपनी माझ्या घरच्या कुणाला वळखत न्हाय, आक्का."

मी त्या बटणावरून भांडले ते तिच्यासारखीसाठीच, असं मला वाटत होतं. आणि तिलाच ते हवं होतं. तिचं चुकत होतं असं नाही. माझंही चुकत नव्हतं. खातं पुसलं तर तिची मुदत जाणार, ठेवलं तर गावाला दिलेला शब्द जाणार. मी तिला म्हटलं, फॉर्म भरून झाला की मला फोन कर.

बाजारादिवशी तात्या येऊन बसले. बऱ्याच बायाही आल्या. मी मोटार चालू ठेवली.

"काय आक्के, कवा पुसणार?"

"आज न्हाय."

"का?"

"आज न्हाय म्हणलं ना."

"कुणाचं तरी अजून आत हाय वाटतं."

"हाय."

"कुणाचं?"

"तात्या, तुमचं कुटून झालंय. घेऊन जावा."

बाया एकमेकींकडं बघत उठून गेल्या. त्यातल्या काही परत कधीच त्या खोलीत आल्या नाहीत. त्यांना मी शब्द दिला होता आणि पाळला नाही, एवढंच त्यांना माहीत. त्यांचं बरोबर होतं.

दोन दिवसांनी भर दुपारी संभाजी आला. दुधाचा टेम्पो रस्त्यावर उभा केला, दारात चप्पल काढली. असं कांडपात कुणी करत नाही.

"आक्का, ते वैशालीचं काय काय ठिवलंय, ते मला बघायचंय."

"तिला इचार."

"ती फोनवर नीट बोलंना. तुमी दावा. मी काय मोडता घालाय आलो न्हाय."

"घालाय आलायस का न्हाय, ते मला कसं कळावं?"

"मी नवरा हाय तिचा."

"हायस. पण ते तुझं न्हाय."

तो बाकावर बसला. जाईना. हट्टी वाटत नव्हता, दमलेला वाटत होता. मी मोटार बंद केली आणि कऱ्हाटीला फोन लावला. भावानं उचलला. त्याला म्हटलं, वैशालीला दे, मिरचीचं विचारायचंय. ती आल्यावर तिला सांगितलं की, तुझा नवरा इथं बसलाय, बघायला मागतोय. दाखवू का?

ती म्हणाली, "नका दावू. त्यांना म्हणावं, बघायचं असलं तर हिकडं या. मी दावती."

मी फोन ठेवला आणि त्याला तसंच सांगितलं. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. तो उठला, दारात चप्पल घातली. म्हणाला, "दुधाचे कॅन हायत टेम्पोत, ऊन लागंल." आणि गेला. दूध पोचवून तो कऱ्हाटीला गेला, एवढं नंतर कळलं. तिथं काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. तो चांगल्या मनानं आला होता की नव्हता, हेही मला त्या बाकावरच्या माणसाकडं बघून कळलं नव्हतं. आजही कळत नाही. त्याला वाईट समजून मी नाही म्हटलं नव्हतं, आणि चांगला आहे हे कळलं असतं तरी दाखवलं नसतं.

मुदतीच्या आत वैशालीचा फोन आला. "आक्का, फॉर्म गेला. आता पुसा." मी नितीनला बोलावून खातं पुसून टाकलं. बघायला एकटे तात्या होते. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की पुसलं का. नितीन म्हणाला, "आपल्या बाजूनं पुसलं. तिकडं त्यांनी पुसलं का ते त्यांनाच माहीत." तात्या समाधानानं मान हलवून गेले. त्यांना असंच उत्तर हवं होतं.

वैशालीला प्रवेश मिळाला. संभाजीनं तिला दुधाच्या टेम्पोतून वसतिगृहावर सोडलं. हौसाबाईनं गोठ्याला गडी ठेवला आणि त्या गड्याच्या कामाला अजून नावं ठेवते. ती मिरची अजून शेजारच्याच गावी नेते. भेटली की बोलते, पण मिरची देत नाही.

पुढं लोकांच्या हातात मोबाइल आले आणि खोली आपोआप बंद झाली. कॉम्प्युटरवर गोणपाट टाकलंय. ती बटणवाली सोयही मधल्या वर्षांत बंद पडली. अमुक दिवसानंतर तुमचं ठेवलेलं सगळं पुसणार, काय हवं ते काढून न्या, अशी सूचना निघाली. नितीन मुद्दाम सांगायला आला. म्हणाला, "आत्या, शेवटी तुझंच खरं ठरलं." मी म्हटलं, नाही. बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं. विचारून ठेवा म्हटलं होतं. त्यांनी ठेवलं तेही न विचारता, उचललं तेही न विचारता. तिथं आणखी किती वैशाल्यांचं ठेवलेलं होतं, कोण जाणे.

वैशाली आता बारामतीला एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. राहायलाही तिथंच. मसाल्याला मात्र माझ्याकडं येते. यंदा आली तेव्हा बबन तात्या तिच्याच दवाखान्यात भरती होते. गावात कुणाला काय झालंय ते कळत नव्हतं. त्यांच्या पोरांना विचारलं की ती दुसरंच बोलायची. वैशाली बाकावर बसून मिरच्यांची राहिलेली देठं खुडत होती. मी सहज विचारलं, "तात्यांना काय झालंय गं?"

"तात्यांनाच इचारा, आक्का."

"अगं, मी काय गावभर करणार हाय व्हय?"

"न्हाय करणार. तरी त्यांनाच इचारा."

मला राग आला. मी मोटार सुरू केली आणि तिचं कुटून होईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी भाकरीचा डबा घेऊन बारामतीला गेले, तात्यांच्या खाटेशेजारी बसले आणि त्यांनाच विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.